राजपत्र, पत्र आणि धोरण : सरकारी कागद नवख्याने कसा शोधावा, कसा वाचावा

सरकारी कागद मिळवणं आता अवघड राहिलेलं नाही. अवघड आहे ते मिळालेल्या कागदाचं वजन ओळखणं. एखाद्या विषयावर शोध घ्यायला बसलात की बातमी, प्रसिद्धिपत्रक, विधेयक, अधिनियम, अधिसूचना, परिपत्रक आणि कुणीतरी व्हॉट्सॲपवर टाकलेली शिक्केबाज पीडीएफ, असा ढीग समोर येतो. सगळ्यांवर अशोकस्तंभ असतो, सगळ्यांची भाषा तितकीच जड असते. मग नवखा माणूस जो कागद वाचायला सोपा, तोच खरा धरून चालतो, आणि सोपा कागद बहुतेक वेळा सगळ्यांत हलका असतो.

हा लेख कायद्याचे विद्यार्थी, स्पर्धा परीक्षेवाले, सैन्यभरतीच्या तयारीतली मुलं आणि त्यांचे पालक, आणि विज्ञान धोरणावर लिहू पाहणारे यांच्यासाठी आहे. कायदा, सैन्यसेवा आणि विज्ञान धोरण या तिन्ही विषयांचे कागद वेगवेगळ्या घरांत राहतात, पण वाचायची रीत एकच: मजकुराआधी कागद कोणी, कोणत्या अधिकारात आणि कधीपासून काढला ते बघायचं.

पायरी १ : कागदाची जात ओळखा

संसदेनं किंवा विधिमंडळानं केलेला तो अधिनियम. त्या अधिनियमानं दिलेल्या अधिकारातून सरकार करतं ते नियम आणि अधिसूचना. सरकार आपल्या कार्यकारी अधिकारात काढतं ते ठराव, शासन निर्णय, पत्रं आणि परिपत्रकं. त्याखाली धोरणं, मसुदे, अहवाल. आणि सगळ्यांत शेवटी प्रसिद्धिपत्रक, ज्याच्या जोरावर कुणालाही काहीही मागता येत नाही.

नियम आणि साधा आदेश यांतला फरक ओळखायची खूण सोपी आहे. पहिल्या परिच्छेदात ‘अमुक अधिनियमाच्या कलम अमुकने प्रदान केलेल्या अधिकारांचा वापर करून’ अशी ओळ आहे का ते पाहा. असेल तर कागदामागे कायदा उभा आहे, आणि तो कागद त्या कलमाच्या मर्यादेबाहेर जाऊ शकत नाही. नसेल तर तो कार्यकारी आदेश. त्यालाही किंमत असते, पण तो दुसऱ्या आदेशानं बदलता येतो आणि अधिनियमाच्या किंवा नियमाच्या विरुद्ध गेला तर टिकत नाही.

पायरी २ : राजपत्राची मांडणी एकदा समजून घ्या

भारताचं राजपत्र, म्हणजे गॅझेट, साप्ताहिक आणि असाधारण अशा दोन रूपांत निघतं. घाईचं आणि महत्त्वाचं बहुतेक सगळं असाधारण अंकात असतं. १ ऑक्टोबर २०१५ पासून केंद्र सरकारनं छापील अंकाऐवजी ई-गॅझेट हेच राजपत्र केलं, त्यामुळे अस्सल प्रत म्हणजे ई-गॅझेटच्या संकेतस्थळावरची फाइल. तिथं मंत्रालय, भाग आणि तारीख देऊन शोधता येतं. विषयाच्या शब्दानं शोधायच्या फंदात फार पडू नका, तारखेनं लवकर सापडतं.

राजपत्राचे भाग आणि खंड पाठ करायची गरज नाही, मोजके लक्षात ठेवले की पुरतात. भाग दोन, खंड एकमध्ये अधिनियम आणि अध्यादेश येतात. भाग दोन, खंड दोनमध्ये विधेयकं. भाग दोन, खंड तीनमध्ये मंत्रालयांचे वैधानिक नियम आणि आदेश. त्याच्या पहिल्या उपखंडातले जी.एस.आर. (सर्वसाधारण वैधानिक नियम) क्रमांकाचे, दुसऱ्या उपखंडातले एस.ओ. (वैधानिक आदेश) क्रमांकाचे. संरक्षण मंत्रालयाचा संसार मात्र वेगळा मांडलेला आहे: त्यांचे वैधानिक नियम भाग दोन, खंड चारमध्ये, तर नेमणुका आणि बढत्या भाग एक, खंड चारमध्ये. शौर्यपदकांची अधिसूचना मात्र तिथं शोधू नका. ती राष्ट्रपती सचिवालयाची असते, म्हणून भाग एक, खंड एकमध्ये येते. मंत्रालयांचे बिगर-वैधानिक ठरावही याच भाग एक, खंड एकचे.

फाइल उघडली की आधी हिंदी मजकूर असतो, मग इंग्रजी. वरच्या कोपऱ्यात सी.जी.-डी.एल.-अ. असा सुरू होणारा लांबलचक क्रमांक दिसेल. त्यातले आठ आकडे म्हणजे तारीख, महिना, वर्ष. अधिसूचनेच्या मजकुरात एक तारीख आणि या क्रमांकात दुसरी, असं बऱ्याचदा दिसतं. सही आदल्या दिवशीची, प्रसिद्धी दुसऱ्या दिवशीची. वाद निर्माण झाला तर प्रसिद्धीची तारीख बघितली जाते, आणि कधीकधी तर वेळसुद्धा.

पुलवामाच्या हल्ल्यानंतर १६ फेब्रुवारी २०१९ रोजी केंद्रानं पाकिस्तानातून येणाऱ्या मालावर २०० टक्के सीमाशुल्क लावलं. ती अधिसूचना ई-गॅझेटवर चढली रात्री ८ वाजून ४६ मिनिटं ५८ सेकंदांनी. त्या दिवशी त्याआधीच आयातीची कागदपत्रं दाखल केलेल्या व्यापाऱ्यांकडूनही नवं शुल्क मागितलं गेलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि २०२० मध्ये न्यायालयानं सांगितलं की अधिसूचना अपलोड झाली त्या क्षणापासूनच ती लागू, आधीच्या व्यवहारांना नाही. याची मुळं जुनी आहेत. जयपूर संस्थानात १९२३ साली अफूबद्दलचा एक कायदा नुसत्या ठरावानं केला गेला आणि कधी प्रसिद्धच झाला नाही. त्याखाली झालेली शिक्षा सर्वोच्च न्यायालयानं १९५१ मध्ये रद्द केली. लोकांना कळवलेलाच नाही तो कायदा लोकांवर लादता येत नाही.

पायरी ३ : तारखा वेगळ्या काढून लिहा

नवख्यांची सर्वांत जास्त गल्लत इथं होते, म्हणून एकच उदाहरण शेवटपर्यंत नेतो. भारतीय न्याय संहितेचं पहिलं विधेयक ११ ऑगस्ट २०२३ रोजी लोकसभेत मांडलं गेलं. संसदेच्या स्थायी समितीच्या शिफारशींनंतर डिसेंबरमध्ये ते मागे घेतलं आणि दुसरं विधेयक १२ डिसेंबरला आलं. लोकसभेनं ते २० तारखेला, राज्यसभेनं २१ तारखेला मंजूर केलं. राष्ट्रपतींची संमती २५ डिसेंबर २०२३ ची. आणि संहिता लागू कधी झाली? १ जुलै २०२४ पासून, तीही फेब्रुवारी २०२४ मधल्या वेगळ्या अधिसूचनेनं.

आता यातून काय काय घोटाळे होतात ते बघा. कुणी ऑगस्टचं विधेयक उतरवून घेतलं तर त्यात ३५६ कलमं दिसतील. झालेल्या कायद्यात ३५८ आहेत, म्हणजे क्रमांकच जुळणार नाहीत. कुणी अधिनियमाची प्रत वाचून २५ डिसेंबरपासून कायदा लागू समजलं, तर सहा महिने चुकले. आणि ज्यानं फेब्रुवारीची अधिसूचना वाचलीच नाही, त्याला हे कळणार नाही की कलम १०६ चं पोटकलम (२), म्हणजे अपघात करून पळून जाणाऱ्या चालकाबद्दलची तरतूद, १ जुलैला लागू होणाऱ्या कलमांतून वगळली होती. अधिनियमाच्या छापील पानावर ती इतर कलमांसारखीच ऐटीत बसलेली दिसते.

म्हणून प्रत्येक अधिनियमाचं कलम १ आधी वाचा. विद्यार्थी ते ओलांडून थेट व्याख्यांवर जातात. त्या कंटाळवाण्या कलमातच लिहिलेलं असतं की कायदा ‘केंद्र सरकार राजपत्रातील अधिसूचनेद्वारे नेमून देईल त्या दिनांकास’ अंमलात येईल. असं वाक्य असलं तर ती अधिसूचना शोधल्याशिवाय पुढं जायचं नाही. कलम १ मध्ये तारखेबद्दल अवाक्षर नसेल तर १८९७ च्या साधारण वाक्यखंड अधिनियमाचं (जनरल क्लॉजेस ॲक्ट) कलम ५ लागू पडतं, आणि केंद्रीय कायदा राष्ट्रपतींच्या संमतीच्या दिवसापासून अंमलात येतो.

पायरी ४ : आजचा पाठ वाचताय याची खात्री करा

राजपत्रात छापलेला अधिनियम त्या दिवसाचा असतो. त्यात नंतर झालेल्या दुरुस्त्या नसतात. दुरुस्त्या मिसळलेला पाठ विधायी विभागाच्या इंडिया कोड या संकेतस्थळावर मिळतो. वाचायला तोच घ्या, पण कोर्टात किंवा प्रबंधात उद्धृत करण्याआधी मूळ राजपत्राशी ताडून बघा. तळटिपा सोडू नका. कुठलं कलम कोणत्या वर्षीच्या कोणत्या कायद्यानं घातलं, गाळलं, बदललं ते तिथंच असतं.

रद्द झालेला कायदाही लगेच रद्दीत काढायचा नसतो. १ जुलै २०२४ च्या आधी घडलेल्या गुन्ह्यांना भारतीय दंड संहिताच लागू आहे, त्यामुळे दोन्ही संहिता अजून बरीच वर्षं टेबलावर राहणार. कलमांचे आकडे सवयीनं वापरणाऱ्यांनी तर विशेष जपावं: जुन्या संहितेत ३०२ म्हणजे खून. नव्या संहितेत खुनाची शिक्षा कलम १०३ मध्ये आहे, आणि ३०२ हे धार्मिक भावना दुखावण्याबद्दलचं कलम आहे. चारशेवीस म्हणजे फसवणूक हे समीकरणही गेलं, ते आता ३१८.

मराठी पाठाबद्दल थोडक्यात. केंद्रीय कायद्याचा मराठी अनुवाद राष्ट्रपतींच्या प्राधिकारानं राजपत्रात प्रसिद्ध झालेला असेल तर तो प्राधिकृत पाठ. खाजगी प्रकाशकाचं मराठी पुस्तक समजून घ्यायला चांगलं, आधाराला नाही.

पायरी ५ : राज्याचा कागद म्हणजे बहुधा शासन निर्णय

महाराष्ट्र शासन राजपत्रात अधिनियम आणि अध्यादेश भाग चारमध्ये येतात, त्यांचा इंग्रजी अनुवाद भाग आठमध्ये, विधेयकं भाग पाचमध्ये. पण आपल्याकडे सामान्य माणसाचा संबंध येतो तो शासन निर्णयाशी, म्हणजे जीआरशी. त्याचा साचा ठरलेला असतो: वर विषय, मग विभाग आणि मंत्रालयाचा पत्ता, क्रमांक, दिनांक, मग ‘वाचा’ किंवा ‘संदर्भ’, मग प्रस्तावना, मग प्रत्यक्ष शासन निर्णय, शेवटी ‘महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने’ आणि प्रतींची लांब यादी.

लोक मधला भाग वाचतात. तुम्ही ‘वाचा’पासून सुरुवात करा. तिथं आधीचे जीआर तारखेसह दिलेले असतात, आणि अर्धा निर्णय त्यांच्यातच दडलेला असतो. नवा जीआर आधीचा ‘अधिक्रमित’ करतोय की नुसती ‘सुधारणा’ करतोय हे पाहा. अधिक्रमित केला तर जुना संपला. सुधारणा असेल तर दोन्ही शेजारी ठेवून वाचावे लागतात. शुद्धिपत्रक निघालंय का हेही तपासा. पात्रतेची तारीख किंवा रक्कम शुद्धिपत्रकानं बदलल्याचे प्रकार सर्रास घडतात.

खोटा जीआर ओळखायचा असेल तर शेवटचा परिच्छेद बघा. अस्सल जीआरमध्ये ‘संकेतांक’ म्हणून एक लांब आकडा दिलेला असतो, त्याची सुरुवात वर्ष, महिना आणि दिवसानं होते. तो आकडा शासनाच्या संकेतस्थळावर टाकून बघा. जीआर उघडला आणि मजकूर शब्दशः जुळला तर खरा. व्हॉट्सॲपवरच्या प्रतीत हा परिच्छेद हमखास कापलेला असतो.

पायरी ६ : सैन्यसेवेचे कागद – इथं पत्र राज्य करतं

सैन्याचा कायदेशीर पाया छोटा आहे: लष्कर अधिनियम १९५०, हवाई दल अधिनियम १९५०, नौदल अधिनियम १९५७, आणि त्यांखालचे नियम, उदाहरणार्थ लष्कराचे १९५४ चे नियम. शिस्त, कोर्ट मार्शल, सेवेतून काढणं हे सगळं इथं. सेवेबाबतचे वाद आणि कोर्ट मार्शलविरुद्धचं अपील ऐकण्यासाठी २००७ च्या अधिनियमानं सशस्त्र सेना न्यायाधिकरण केलं, त्याचं एक खंडपीठ मुंबईत आहे.

पण नुसता अधिनियम वाचून सैन्य कळत नाही. लष्कर अधिनियमाचं कलम १२ घ्या. ते म्हणतं, केंद्र सरकार राजपत्रात अधिसूचित करील ती कोअर (सैन्याच्या शाखा) आणि विभाग सोडून स्त्रिया नियमित सैन्यात भरतीस पात्र नाहीत. एवढंच वाचणारा म्हणेल, सैन्यात बायकांना बंदी आहे. खरा मजकूर अधिसूचनांत आहे. ३० जानेवारी १९९२ च्या अधिसूचनेनं डाक सेवा, न्यायाधिवक्ता शाखा (म्हणजे लष्कराची विधी शाखा), शिक्षण कोअर अशी मोजकी दारं उघडली, पुढच्या अधिसूचनांनी आणखी उघडली, आणि महिला अधिकाऱ्यांच्या कायमस्वरूपी कमिशनचा, म्हणजे निवृत्तीच्या वयापर्यंत सेवेत राहण्याचा, प्रश्न सर्वोच्च न्यायालयानं १७ फेब्रुवारी २०२० च्या निकालात सोडवला. कलम तेच, अक्षरही न बदलता, आणि परिस्थिती पार बदललेली.

निवृत्तिवेतनात तर अधिनियम औषधालाही सापडत नाही. ‘एक रँक एक पेन्शन’, म्हणजे निवृत्ती कधीही झाली तरी सारख्या हुद्द्याला आणि सारख्या सेवेला सारखं पेन्शन, ही एवढी गाजलेली गोष्ट ७ नोव्हेंबर २०१५ च्या एका पत्रानं आली, आणि लाभ १ जुलै २०१४ पासून धरला गेला. संरक्षण मंत्रालय पत्र काढतं, प्रयागराजचं संरक्षण लेखा (पेन्शन) कार्यालय त्यावर परिपत्रक काढतं, आणि पैसे त्या परिपत्रकातल्या तक्त्यांप्रमाणे बसतात. म्हणून माजी सैनिकाच्या घरच्यांनी तिन्ही गोष्टी जोडीनं ठेवाव्यात: मंत्रालयाचं पत्र, परिपत्रक आणि आपला पेन्शनचा आदेश, म्हणजे पीपीओ. तक्ता वाचताना हुद्दा, गट आणि अर्हताकारी (पेन्शनसाठी धरल्या जाणाऱ्या) सेवेची वर्षं हे तिन्ही रकाने जुळले पाहिजेत. एक रकाना चुकला की आकडा भलताच निघतो. राज्याच्या सवलतींसाठी हे कागद नाहीत, तिथं राज्याचा जीआर लागतो आणि तो समजावून द्यायला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय असतं.

भरतीच्या मुलांसाठी एकच आग्रह: बातमीवर तयारी करू नका. अग्निपथ योजना १४ जून २०२२ रोजी जाहीर झाली तेव्हा वयोमर्यादा साडेसतरा ते एकवीस सांगितली होती. दोनच दिवसांनी त्या वर्षापुरती वरची मर्यादा तेवीस केली. १४ तारखेचं प्रसिद्धिपत्रक मात्र आजही संकेतस्थळावर जसंच्या तसं आहे, आणि शोधलं की तेच आधी सापडतं. चार वर्षांची सेवा, त्यातून पंचवीस टक्क्यांपर्यंत नियमित सेवेत, ही चौकट योजनेची. पण जन्मतारखेची मर्यादा, ट्रेडप्रमाणे शिक्षण आणि टक्के, कोणते जिल्हे कोणत्या भरती कार्यालयाखाली, परीक्षा आधी की भरती मेळावा आधी, हे त्या त्या वर्षीच्या भरती अधिसूचनेत असतं. २०२३ पासून लष्करानं ऑनलाइन सामाईक परीक्षा आधी आणि मेळावा नंतर असा क्रम केला. गावातला मोठा भाऊ त्याच्या वेळचा क्रम सांगेल, प्रेमानंच सांगेल, पण अधिसूचना यंदाची वाचा. जन्मतारीख ‘या तारखेपासून या तारखेपर्यंत, दोन्ही धरून’ अशी दिलेली असते, ती वयाच्या आकड्यापेक्षा जास्त नेमकी.

पायरी ७ : विज्ञान धोरण – घोषणा वाचा, मग पैसा शोधा

इथला मामला उलटा. कागद देखणे, भाषा उदात्त, आणि बांधील कुणीच नाही. ४ मार्च १९५८ चा वैज्ञानिक धोरण ठराव, १९८३ चं तंत्रज्ञान धोरण निवेदन, २००३ चं विज्ञान व तंत्रज्ञान धोरण, २०१३ चं विज्ञान, तंत्रज्ञान व नवोन्मेष धोरण, अशी मालिका आहे. चारही कागद वाचायला फार वेळ लागत नाही, जरूर वाचा. डिसेंबर २०२० च्या अखेरीस पाचव्या धोरणाचा मसुदा लोकांच्या सूचनांसाठी ठेवला गेला. विद्यार्थी त्याचा उल्लेख ‘२०२० चं धोरण’ असा बिनदिक्कत करतात. तो मसुदा आहे, तसंच लिहा.

धोरणाला कायद्याचं बळ नसतं हे आकड्यांतच दिसतं. संशोधनावरचा खर्च सकल देशांतर्गत उत्पादनाच्या दोन टक्क्यांवर नेऊ, असं २००३ च्या धोरणात आहे, २०१३ च्याही आहे. विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्याच आकडेवारीप्रमाणे २०२०-२१ मध्ये तो ०.६४ टक्के होता. याबद्दल कुणाला कोर्टात खेचता येत नाही.

म्हणून धोरणाच्या कागदाखाली दोन गोष्टी शोधायच्या. एक, त्याच्या पोटातून कायदा निघाला का. संशोधनाला निधी देणारं अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान हे असं उदाहरण: त्याचा अधिनियम संसदेनं ऑगस्ट २०२३ मध्ये केला, तो ५ फेब्रुवारी २०२४ पासून अंमलात आला, आणि २००८ च्या कायद्यानं झालेलं विज्ञान व अभियांत्रिकी संशोधन मंडळ त्यात विलीन झालं. इथं पुन्हा पायरी ३ लागू. दुसरी गोष्ट, पैसा. राष्ट्रीय क्वांटम मिशनला मंत्रिमंडळानं एप्रिल २०२३ मध्ये ६,००३.६५ कोटी रुपयांची मंजुरी दिली, ती २०२३-२४ ते २०३०-३१ या आठ वर्षांसाठी. मथळ्यात आठ वर्षांची बेरीज येते. दर वर्षी किती मिळाले हे कळायला अर्थसंकल्पाच्या खर्चाच्या दस्तऐवजात विभागाची अनुदानाची मागणी, म्हणजे त्यानं संसदेकडे मागितलेल्या खर्चाचा तपशील, उघडा. तिथं प्रत्यक्ष खर्च, अर्थसंकल्पीय अंदाज आणि सुधारित अंदाज असे रकाने असतात. अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च यांतली दरी सलग तीन-चार वर्षांच्या दस्तऐवजांतून काढून शेजारी मांडा. धोरणावरच्या लेखाला लागणारा अर्धा मजकूर तिथंच हाती येतो.

पायरी ८ : सापडलं नाही तर

आधी संसदेच्या संकेतस्थळावर तारांकित (तोंडी उत्तराच्या) आणि अतारांकित (लेखी उत्तराच्या) प्रश्नांची उत्तरं चाळा. मंत्रालयानं इतरत्र कुठं न दिलेले आकडे खासदाराच्या एखाद्या साध्या प्रश्नाच्या उत्तराला जोडलेल्या परिशिष्टात मिळून जातात. संरक्षण आणि विज्ञान या दोन्ही विषयांच्या स्थायी समित्यांचे अनुदानाच्या मागण्यांवरचे अहवाल आणि कॅगचे, म्हणजे सरकारी खर्च तपासणाऱ्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांचे, अहवाल हे पुढचे मुक्काम. कॅग वाचताना विभागाचं उत्तर आणि त्यावर कॅगचा शेरा, दोन्ही वाचा.

तरीही नाही मिळालं तर माहितीचा अधिकार. केंद्राकडे अर्जाला १० रुपये, प्रतीला पानामागे २ रुपये, आणि अर्ज साधारण ५०० शब्दांत. महाराष्ट्रात नियम अधिक आखडता: एका अर्जात एकच विषय, १५० शब्दांत. उत्तराची मुदत ३० दिवस. ‘हा निर्णय का घेतला’ असं विचारलं तर माहिती उपलब्ध नाही असं उत्तर येतं. ‘अमुक क्रमांकाच्या फाइलमधल्या टिपण्यांच्या आणि पत्रव्यवहाराच्या प्रती द्या’ असं मागा. सैन्य या कायद्याखाली येतं, फक्त सुरक्षेला बाधा येईल अशी माहिती कलम ८ (१) (क) खाली नाकारली जाऊ शकते. डीआरडीओ, म्हणजे संरक्षण संशोधन व विकास संघटना, मात्र दुसऱ्या अनुसूचीत, म्हणजे या कायद्यातून सूट मिळालेल्या संस्थांच्या यादीत आहे, त्यामुळे भ्रष्टाचार किंवा मानवी हक्कभंगाचा आरोप असलेल्या बाबी सोडल्या तर तिथून उत्तराची अपेक्षा ठेवू नका. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा आलं ते अपुरं असलं, तर पुढच्या ३० दिवसांत त्याच कार्यालयातल्या वरिष्ठ अधिकाऱ्याकडे पहिलं अपील करता येतं. अपिलात नवी मागणी घालू नका, मूळ अर्जातलं काय दिलं नाही तेवढंच मुद्देवार लिहा.